लून कुणाच्या नावावर

थंडर बे, ११ एप्रिल

रेयो,

लूनचं खातं अजून तुझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि तू ई-मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. दुसरं कारण नाही. पत्ता लीसाने दिला. "तो स्क्रीनकडे बघतच नाही आता, पण कागद हातात पडला तर वाचतो," म्हणाली. बहीण आहे तुझी, तिला माहीत असणार. तर हा कागद.

आधी मुद्द्याचं. या उन्हाळ्यात शाळांच्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टिम येते आहे आणि तिच्यावर आपला लून चालत नाही. मी स्वतः करून पाहिलं. तळं दिसतं, पक्षी दिसत नाही. 'बुडी मार' असं टाइप केलं की सगळंच बंद पडतं. मुलांनी आज्ञा लिहायची आणि पडद्यावरच्या लून पक्ष्याने ती पाळायची, एवढासा खेळ. पण उत्तरेकडच्या शाळांतली किती पोरं त्यावर प्रोग्रॅमिंगची पहिली ओळ लिहायला शिकली, हे तुला मी सांगायला नको.

सांगायची गोष्ट ही की लून मेलेला नाही! ओडेट बुशारने तो नव्याने लिहायला घेतलाय. ओडेटला तू ओळखत नाहीस. कागद गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या वर्गात आली. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून विचारते, "बाई, तुम्ही रागावल्या आहात की तुमचा चेहराच असा आहे?" मी म्हटलं, "दोन्ही." ती टिकली. आता बंदरावर धान्याच्या कोठारांचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि उरलेल्या वेळात लून. तिचा कोड मी ओळीओळीने वाचला. स्वच्छ आहे. मी स्वच्छ हा शब्द फारसा वापरत नाही.

अडचण तुझी आहे. शाळांच्या बोर्डाच्या फर्न टॅलबट बाईंनी स्पष्ट सांगितलंय: ज्या सॉफ्टवेअरचा मालक हाकेला ओ देत नाही, ते यापुढे शाळेत ठेवायचं नाही. आपल्या प्रोग्रॅमर मंडळाचा वार्षिक मेळावा ३ मेला आहे. तिथे त्या लून बघायला येणार. त्यानंतरच्या सोमवारी बोर्डाची यादी जाहीर होते. लून यादीत नसला तर दक्षिणेतल्या एका कंपनीचं तयार पॅकेज घेतील. त्याला इंटरनेट सतत लागतं. जिथे विमानाशिवाय जाता येत नाही आणि बर्फ पडला की इंटरनेट जातं, तिथल्या मुलांनी काय करायचं? भिंतीवरचं घड्याळ बघायचं.

तू म्हणशील, कोड सगळ्यांना खुला आहे, नक्कल काढा आणि आपला वेगळा संसार मांडा. काढली असती. पण शाळांमधली यंत्रं नवा लून आणायला एकाच पत्त्यावर जातात, तुझ्या खात्यावर. तो पत्ता आपणच कोडमध्ये पक्का बसवला होता. बदलायचा तर माणसाला विमानाने शाळाशाळांतून फिरावं लागेल. कोण फिरणार?

तेव्हा एवढंच कर. खात्यात जा, ओडेट बुशारला मालक कर, बाहेर ये. कुणाशी बोलावं लागणार नाही. माझ्याशी तर नाहीच.

आइला कांगास

ता. क. मंडळाच्या बातमीपत्रात दर महिन्याला 'लूनचे मालक: रेयो साल्मी' असं छापत आले आहे. ते खरं आहे म्हणून.


थंडर बे, १९ एप्रिल

रेयो,

उत्तर नाही. ठीक. मी अपेक्षा केली नव्हती, तरी टपालपेटी दोनदा उघडून पाहिली, पेटीचं झाकण नीट बसत नाही म्हणून.

आज पक्षी चालला! ओडेटच्या स्वयंपाकघरात, नव्या सिस्टिमवर, जुन्यापेक्षा वेगाने. बुडी मारली, पाण्याखालून पोहत गेला आणि जिथे सांगितलं तिथेच वर आला. ओडेटने असं किंचाळून हाक मारली की तिचा नवरा गॅरेजमधून हातोडी घेऊन धावत आला. मग आम्ही तिघांनी गुलाबी आयसिंगचे पर्शियन बन खाल्ले. ओडेटच्या कीबोर्डवर आयसिंग लागलं. मी बोलले नाही. यावरून माझा आनंद किती असेल ते तू ओळख.

आता तुझ्या शाखेबद्दल. जाताना तू कोडची वेगळी शाखा, म्हणजे स्वतंत्र प्रत, काढून तिच्यात पिल्लांचं काम ठेवून गेलास: लूनच्या पाठीवर पिल्लं बसतात आणि 'बुडी मार' म्हटलं की आधी उतरतात. ओडेटला ते हवंय. मलाही. ते काम चांगलं आहे आणि इतकी वर्षं कुणी वापरलं नाही हा मूर्खपणा आहे. म्हणून तिने तुझी शाखा मुख्य शाखेत मिसळायला घेतली आणि त्यासाठी जुना इतिहास उघडला.

आपल्या धंद्यात काही पुसलं जात नाही, हे तू आणि मी दोघं त्या वेळी विसरलो होतो. प्रत्येक बदल नावानिशी, तारखेनिशी तिथे आहे, जगातल्या कुणालाही वाचायला खुला. ओडेट मोठ्याने वाचत सुटली.

"साल्मी: संदेश बदलला. कांगास: संदेश पूर्ववत केला. साल्मी: पूर्ववत केलेलं पूर्ववत केलं. कांगास: कृपया हात लावू नये. साल्मी: हात लावला. बाई, हे काय आहे?"

"मतभेद."

"तुमचं दोघांचं लग्न झालं होतं का?"

"नाही."

"मग भांडण इतकं मुरलेलं कसं?"

मी तिला सांगितलं. मुलाने काही चुकीचं टाइप केलं की पडद्यावर काय यावं, एवढाच प्रश्न होता. माझं म्हणणं, 'चूक. ओळ ४.' म्हणजे कुठे बघायचं ते कळतं. तुझं म्हणणं, 'मला कळलं नाही.' म्हणजे दोष यंत्राने स्वतःकडे घ्यावा. तू म्हणायचास, लाल अक्षरात चूक चूक ओरडणारा खेळ सात वर्षांचं मूल दुसऱ्यांदा उघडेल का? मी म्हणायचे, 'कुठेतरी दुखतंय' एवढ्यावर डॉक्टर औषध देतो का? मला अजून तसंच वाटतं. तू त्या वर्षीच्या मेळाव्यात भाषण अर्ध्यावर सोडलंस, माईक टेबलावर ठेवलास आणि गेलास. लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेला. लोक वाट बघत बसले होते, रेयो.

शेवटचा बदल माझा राहिला. शाळांतून इतकी वर्षं 'चूक' असंच दिसत आलं. तू तो उलटवायला परत येशील असं धरून चालले होते.

असो. तर आता दोन शाखा मिसळताना ती ओळ आडवी आली. इथे तुझं वाक्य, तिथे माझं. यंत्र दोन्ही वाक्यं एकाखाली एक दाखवून विचारतं: कोणतं ठेवू? ओडेट म्हणाली, "मी नाही बाई मध्ये पडणार. पिल्लं आधी नीट बसवते, ही ओळ मागाहून."

पुढच्या आठवड्यात ट्राउट पोर्टेजच्या शाळेत चाचणी आहे. आम्ही दोघी विमानाने जाणार. सहा आसनांचं विमान आहे आणि ओडेटला उलटी होते. तरी ती सारखी गुणगुणत असते.

खातं उघड. ओडेट बुशारला मालक कर.

आइला


थंडर बे, २५ एप्रिल

रेयो,

हे पत्र मी विमानातून उतरल्या उतरल्या लिहिते आहे, कोटही काढलेला नाही. तुला सगळं क्रमाने सांगते, कारण उड्या मारत सांगितलेलं मला आवडत नाही.

तिसरीचा वर्ग. ओकीफ म्हणून शिक्षक आहेत, दोघा-दोघांत एक कॉम्प्युटर. ओडेटने दहा वाक्यांत खेळ समजावला. पोरं लिहू लागली. पिल्लं पाठीवर चढली तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले दारात आले. सगळं सुरळीत. मी मागे भिंतीला टेकून उभी.

डेल्विना नावाची एक मुलगी, पुढचे दोन दात पडलेले. तिने चौथ्या ओळीत 'बुडी मार' ऐवजी 'बुडी मर' लिहिलं. पक्षी थांबला. आणि पडद्यावर आलं:

चूक. ओळ ४. मला कळलं नाही.

मी ओडेटकडे पाहिलं. ती विमानात होती त्याहून पांढरी झाली होती. माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "बाई, कोणतं ठेवू विचारत होतं, तिथे मी 'दोन्ही' दाबलं वाटतं. मागाहून बघू म्हणून. आणि विसरले."

असली चूक आपल्याच लोकांना सुचते. दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि तिसरी घाईत दोघांनाही हो म्हणून मोकळी होते. मी म्हटलं, "काढून टाक ते आत्ताच्या आत्ता." ओडेट पुढे निघाली. पण डेल्विनाने तोवर ते वाचलंही होतं, मोठ्याने, बोट फिरवत.

"ए, याला चौथी ओळ कळत नाहीये."

शेजारचा मुलगा म्हणाला, "ढ आहे तो."

"ढ काय म्हणतोस, पिल्लं आहेत त्याच्या पाठीवर! थांब, मी सांगते त्याला." मग चौथ्या ओळीवर बोट ठेवून, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन, "अरे मर नाही रे बाबा, मार. मार! हां, आता बघ." तिने 'मार' केलं. पक्ष्याने बुडी मारली. ती शेजाऱ्याला म्हणाली, "बघ, नीट सांगितलं की कळतं त्याला."

मी ओडेटची बाही धरून तिला मागे ओढलं.

त्यानंतर वर्ग हाताबाहेर गेला. त्यांना लूनला शिकवायचं होतं! मुद्दाम चुका करू लागले, मग ओळ शोधायची आणि त्याला समजावायचं. "दोन नंबरची कळली नाही म्हणतो." "मग सांग की." "सांगतोय, पण ऐकतच नाही हा." "कारण तू पण चुकीचं सांगतोयस, गाढवा!" ओकीफ सर म्हणाले, गेल्या वर्षभरात हा वर्ग इतकं लक्ष देऊन काही वाचताना त्यांनी पाहिला नाही. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. मी तीस वर्षं शिकवलं. चुकलेली ओळ शोधायला मुलांना धाक लागतो असं धरून शिकवलं. ही पोरं चुकलेली ओळ मिळावी म्हणून भांडत होती.

यातून कोण बरोबर ठरलं हे मी लिहिणार नाही. 'ओळ ४' नसतं तर ती मुलगी कुठे बघणार होती, याचा मात्र तू विचार कर. दुसऱ्या अर्ध्याचा मी करते आहे.

परतीच्या विमानात ओडेटला उलटी झाली नाही. विसरली.

निघण्याआधीच तिने सगळं काम तुझ्या खात्यावर पाठवून दिलंय, पिल्लांसकट, त्या ओळीसकट. 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' असं तिथे दिसतं. पुढच्या शनिवारी मेळावा आहे. मी विमानतळावरूनच फर्न टॅलबट बाईंना फोन करून वर्गात घडलं ते सांगितलं. त्या ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "छानच आहे हो. पण मालक कुठे आहे?" नियम त्यांनी केलेला नाही आणि तो चुकीचाही नाही. मालक नसलेलं सॉफ्टवेअर मीही शाळेत ठेवलं नसतं. ओडेट रात्रंदिवस खपली आहे. शनिवारी ती एकटी मंचावर उभी राहील आणि हा प्रश्न तिला विचारला जाईल.

मी तुला विनंती करते आहे. हा शब्द मी याआधी तुला लिहिला नव्हता, इतिहास तपासून बघ.

आइला

हे पत्र सर्वांत जलद टपालाने पाठवते आहे.


थंडर बे, ४ मे

रेयो,

तुला स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून आमचा अर्धाच हॉल दिसला असेल, म्हणून उरलेला अर्धा सांगते.

मेळावा कॉलेजच्या भोजनगृहात होता. खुर्च्या कमी पडल्या! नवशिक्यांच्या वर्गाला इतके लोक आले की लीसाला पॅनकेकचं पीठ परत कालवावं लागलं. पाच मिनिटांची भाषणं सुरू झाली. एका ट्रकवाल्याने हायवेवर मूससारखं धिप्पाड हरीण दिसलं की फोनवर इशारा देणारा कॅमेरा दाखवला. त्याच्या कॅमेऱ्याने मंडळाच्या अध्यक्षांना मूस म्हणून ओळखलं, नव्वद टक्के खात्रीने. हॉल पाच मिनिटं हसायचा थांबायला तयार नव्हता. त्यानंतर ओडेट.

तिने पक्षी दाखवला, पिल्लं दाखवली, डेल्विनाची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मग फर्न टॅलबट बाई पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांचा आवाज चांगला आहे, माईक लागत नाही.

"आवडलं मला. याचे मालक कोण?"

"रेयो साल्मी."

"ते आले आहेत?"

"नाही."

"संपर्कात आहेत?"

ओडेटने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. खोटं बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी सगळं काम त्यांच्याकडे पाठवलंय. ते कुठे अडकलंय ते दाखवते, म्हणजे तुम्हाला तरी कळेल." आणि तिने ते पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडलं.

तिथे तुझी टिप्पणी होती. त्याच क्षणी आलेली. नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य अख्ख्या हॉलने एकदम वाचलं:

'एका संदेशात तीन पूर्णविराम कशाला?'

मग मागून लीसाचा आवाज, हातात झारा: "हाच! हाच माझा भाऊ! घराला आग लागली तर आधी पाटी सरळ करेल!"

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर चढले, रेयो. ट्रकवाला शिट्ट्या मारत होता. आणि आम्ही बघत असतानाच खाली दुसरी टिप्पणी उमटली:

'असं करा. "ओळ ४ मला कळली नाही. चूक शोधू या." चूक हा शब्द राहू द्यावा. तो कांगास यांचा आहे.'

मी कधी मंचावर गेले ते मला आठवत नाही. ओडेट माझ्याकडे बघत होती, बोटं कीबोर्डवर. "बाई, करू?"

मी म्हटलं, "'शोधू या' हे जास्तीचं आहे."

"बाई!" असा सगळा हॉल ओरडला. माझे माजी विद्यार्थीच निम्मे. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं त्यांनी त्या एका शब्दात ओतलं.

"कर," मी म्हटलं.

तिने टाइप केलं. 'कळली' दोनदा खोडलं. पाठवलं. मग आम्ही सगळे मोठी माणसं, शिकलेली, टक लावून एका पांढऱ्या पानाकडे बघत उभे होतो. आणि मग हिरवं झालं. मंजूर. आणि लगेच ओडेटचा फोन खिशात वाजला आणि तिने तो वाचला आणि खाली मंचाच्या पायरीवर बसून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की ती मालक झाली आहे.

फर्न टॅलबट बाईंनी पर्समधून पेन काढलं, ओडेटला विचारलं, "बुशारमध्ये 'शा' ना?" आणि लिहून घेतलं. लून यादीत आहे. उद्या जाहीर होईल.

लीसाचं तुझ्याशी बोलणं झालं, ते तिने मला सांगितलं. तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही. तिकडे वाचनालय उघडायच्या आधीपासून तू दारात उभा होतास आणि तिथल्या बाईने तुला मेळाव्याचं थेट प्रसारण लावून दिलं. ते ऐकल्यावर मी जरा पॅनकेकच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तिथे उकडत होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ओडेटने मला आणखी एक गोष्ट दाखवली. मालकी देण्याआधी तू खात्यात एक नियम बसवलास. वाचून मी हसले. ओडेट म्हणते, तिने मला असं हसताना पाहिलं नव्हतं. नियम योग्य आहे. मी असते तर मीही तोच केला असता, फक्त आधी तुझं नाव घातलं असतं आणि मग माझं.

तुझं उत्तर आलं नाही तरी चालेल. आलं तर टपालपेटीचं झाकण दुरुस्त केलं आहे.

खालची नोंद बातमीपत्राच्या मे अंकात जाते आहे. वाचून घे. काही कमी-जास्त असेल तर कळव.

आइला


हस्तांतराची नोंद

काय: लून, मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा खेळ.

देणार: रेयो साल्मी, प्रिन्स रुपर्ट. घेणार: ओडेट बुशार, थंडर बे. साक्षीला: मेळाव्याला आलेले सर्व.

दिलं ते:

खात्याची पूर्ण मालकी. शाळांची यंत्रं ज्यावरून नवा लून आणतात तो पत्ता, चालू स्थितीत.

पिल्लांचं सर्व काम, आता मुख्य शाखेत.

हिवाळ्याची चित्रं, अर्धवट. तळं गोठल्यावर पक्षी कुठे जातो हे ठरलेलं नाही. ते बुशार यांनी मुलांना विचारून ठरवावं.

मुख्य शाखेत थेट बदल करण्याचा साल्मी आणि कांगास यांचा अधिकार काढून घेतला आहे, साल्मी यांनी स्वतःच्या हाताने. यापुढे दोघांनाही एक अक्षर बदलायचं झालं तरी बुशार यांची मंजुरी लागेल.

लूनच्या हाकेचं मूळ ध्वनिमुद्रण, साल्मी यांनी तळ्यावर नावेतून केलेलं. शेवटी कांगास शिंकतात आणि साल्मी हसतात, ते त्यात आहे. बुशार यांनी ते कापू का असं विचारलं. दोघांनीही, वेगवेगळं विचारलं असता, नको म्हणून सांगितलं.

सर्व मिळालं. ओ. बुशार.